तुम्ही विचारलंत म्हणून: लानेल्लीतले माझे शिक्षक

वयाच्या पाचव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत माझे शिक्षण वेल्समधल्या लानेल्ली या गावी झाले हे कळल्यावर पुण्यात बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात. एवढ्या लहान वयात तिकडे जाऊनही तुमचे मराठी टिकले कसे, आणि घरीसुद्धा इंग्रजीच बोला असे तिथल्या शिक्षकांनी तुमच्या आईवडिलांना सांगितले नाही का? या प्रश्नामागे बहुधा दोनपैकी एक अपेक्षा असते. काहींना गोऱ्या मास्तरांनी केलेल्या अन्यायाची हकिकत ऐकायची असते, तर काहींना तिकडचे शिक्षक किती उदार आणि आपले किती कोते याचा आयता दाखला हवा असतो. दोन्ही मंडळींची मी निराशा करते. एका बाईंनी आम्हाला घरी मराठीच बोला असे बजावले होते, दुसऱ्या बाईंनी मराठी बंद करा असे तितक्याच कळकळीने सांगितले होते, आणि या दोघीही त्याच गावात, साधारण सारख्याच घरांत, वेल्श म्हणजे वेल्सची इंग्रजीहून वेगळी असलेली भाषा बोलत वाढलेल्या होत्या. माझ्या निमित्ताने त्या दोघी आपापल्या बालपणाशी वाद घालत होत्या असे मला आता वाटते, म्हणून उत्तर जरा लांबते.

शाळेचे आणि शिक्षकांचे नाव मी लिहीत नाही. त्यांची मुले-नातवंडे तिथेच राहतात, आणि तसेही त्या गावात जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स आणि थॉमस एवढ्या पाच आडनावांत निम्मी शाळा बसत असल्यामुळे नाव सांगून कोणाची ओळख पटली असती असे नाही. टपाल कोणाचे कोणाला जात असेल, हा बाबांना पहिले काही महिने पडलेला गंभीर प्रश्न होता.

आम्ही १९७० साली लानेल्लीला गेलो. बाबा पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले होते. वेल्सच्या दक्षिणेकडच्या कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्यात तिथले तरुण डॉक्टर स्थायिक व्हायला फारसे राजी नसत, आणि त्या जागा भरायला भारतातून डॉक्टर जात. त्यांतलेच ते एक. ज्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत ते नोकरीला लागले ती १९४८ साली उभी करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हाही याच पट्ट्यातल्या ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचा मुलगा होता, याचा तिथल्या लोकांना फार अभिमान. लानेल्ली मात्र कोळशापेक्षा पत्र्याचे गाव. पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा देण्याचे कारखाने तिथे इतके होते की इंग्रज त्याला ‘टिनोपोलिस’ म्हणत. जुन्या कारखान्यांत तापवून लाटलेले पत्रे एकमेकांना चिकटत, आणि ते सोडवायचे काम बायका करीत. जाड कातडी हातमोजे घालून, पत्रा आपटून, कडेला फट पाडून ते वेगळे करायचे. माझ्या बालवर्गाच्या बाईंची आई हे काम करीत असे. पुढे त्यांनीच माझ्या आईला ते सांगितले आणि सांगताना स्वतःच्या तळहाताकडे पाहिले.

अशा घरांतून शिक्षक कसे निपजत हे समजल्याशिवाय त्या शिक्षकांचे वागणे समजणार नाही. कारखाना आणि खाण यांतून बाहेर पडण्याचा जो एक सन्मानाचा रस्ता होता तो शाळेतून जात असे, आणि मुलगी हुशार निघाली तर तिने शिक्षिका व्हावे यापलीकडची महत्त्वाकांक्षा फार थोड्या घरांना परवडत होती. कारमार्थनचे ट्रिनिटी कॉलेज १८४८ पासून, बँगरचे नॉर्मल कॉलेज १८५८ पासून, स्वान्झीचे १८७२ पासून आणि बॅरीचे १९१४ पासून शिक्षक घडवीत होते. एवढ्याशा देशात इतके शिक्षक तयार होत की उरलेले इंग्लंडच्या शाळांत जात. लंडन-बर्मिंगहॅमच्या शाळांत वेल्श उच्चारांचा मास्तर ही नेहमीची गोष्ट होती. जे गावातच राहिले त्यांना गावात डॉक्टरच्या बरोबरीचा मान होता. बाबांना हे पाहून बरे वाटे, कारण कोकणातल्या त्यांच्या गावीही गुरुजींना तसाच मान होता.

बालवर्गाच्या बाई अविवाहित होत्या आणि साठीला आल्या होत्या. शाळेतल्या त्या वयाच्या सगळ्याच बाई अविवाहित होत्या. हा योगायोग असावा असे मला लहानपणी वाटत असे. मोठेपणी कारण कळले. १९४४ च्या शिक्षण कायद्यापर्यंत ब्रिटनमधल्या बहुसंख्य शिक्षण मंडळांचा नियम असा होता की शिक्षिकेने लग्न केले की नोकरी सोडायची. ज्या मुली १९३०-३५ च्या सुमारास कॉलेजातून बाहेर पडल्या त्यांच्यापुढे वर्ग किंवा संसार असे दोनच पर्याय होते. आई पत्रे सोडवीत होती आणि त्या पैशांतून मुलगी शिकली होती. तिने वर्ग सोडला नाही. आमच्या आईने भाबडेपणाने त्यांना एकदा मुलाबाळांविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “दरवर्षी तीस होतात.”

या बाई आवाज न चढवता शिकवीत. त्यांच्या वर्गात सगळे काही गाऊन होई. हजेरी गाऊन, पाढे गाऊन, आठवड्याचे वार गाऊन. लानेल्ली या नावात दोनदा येणारा तो अवघड वेल्श वर्ण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. जीभ ‘ल’ म्हणायला लावायची आणि आवाज न करता दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. मला तो लगेच जमला, आणि इंग्लंडहून बदलून आलेल्या बँक मॅनेजरच्या मुलाला वर्षभर जमला नाही, यावर त्या इतक्या खूश झाल्या की हेडमास्तरांना वर्गात बोलावून त्यांनी मला तो वर्ण त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवायला लावला. सकाळी दुधाच्या छोट्या बाटल्यांचा क्रेट यायचा आणि हिवाळ्यात तो रेडिएटरजवळ ठेवायचे, म्हणजे दूध कोमट व्हायचे. इतर मुले नाक मुरडीत. मला कोमट दुधाचे काहीच वाटत नसे. सात वर्षांवरील मुलांचे फुकट दूध सरकारने १९७१ साली बंद केले, तेव्हा मर्थर टिडफिलच्या नगरपालिकेने आम्ही देणारच म्हणून काही काळ सरकारला जुमानले नाही, आणि आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत या मर्थरवाल्यांचे कौतुक चाले असे बाबा सांगत.

त्याच वर्षी, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, ब्रिटनने पौंडाचे दोनशेचाळीस पेनी मोडून शंभर केले. बालवर्गाच्या बाई पुठ्ठ्याची नाणी कापून दुकान-दुकान खेळवीत, पण नव्या हिशेबाने त्या स्वतः हैराण झाल्या होत्या. आई मला न्यायला आली असता त्यांनी तिच्याजवळ गाऱ्हाणे केले आणि आई म्हणाली की यात काय, आमच्याकडे १९५७ मध्येच आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हा मी कॉलेजात होते. बाई क्षणभर पाहत राहिल्या आणि पुढच्या सोमवारी त्यांनी आईला वर्गात बोलावले. पातळ नेसलेली, मोडके इंग्रजी बोलणारी माझी आई चिमण्या मुलांपुढे उभी राहून, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला तेव्हा भाजीवालीशी हिशेब कसे जुळवले, हे सांगत होती, आणि बाई मागच्या छोट्या बाकावर बसून ऐकत होत्या. त्या गावात आईला त्या दिवसापासून ओळख मिळाली असे म्हणायला हरकत नाही. दुकानात बायका तिला नवे हिशेब विचारू लागल्या.

त्याच सुमारास आईने त्यांना तो प्रश्न विचारला, जो परदेशी गेलेली प्रत्येक आई विचारते. मुलीचे इंग्रजी लवकर सुधारावे म्हणून आम्ही घरी इंग्रजी बोलू का? बाईंनी ठाम नकार दिला. इंग्रजी द्यायला आम्ही आहोत, तुमची भाषा द्यायला तुमच्याशिवाय कोणी नाही, असे त्या म्हणाल्या. आईने हे वाक्य पुढे आयुष्यभर लोकांना सांगितले. मात्र बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि माझ्या मते खरे महत्त्वाचे पुढचेच होते. नुसते बोलून भाषा राहत नाही, तिला वाचायला शिकवा, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या स्वतःच्या गल्लीतला अनुभव असा होता की जी मुले चॅपेलच्या, म्हणजे गावातल्या प्रार्थनामंदिराच्या, रविवारच्या शाळेत वेल्श वाचायला शिकली त्यांच्याजवळ ती राहिली, आणि जी फक्त स्वयंपाकघरात बोलली त्यांची ती शाळा सुटता सुटता गळून पडली. हा अनुभव त्या मुलखाला पूर्वीपासूनचा होता. आमच्याच कारमार्थनशायरमधल्या लानदौरोर गावचा धर्मोपदेशक ग्रिफिथ जोन्स याने १७३१ च्या सुमारास फिरत्या शाळा सुरू केल्या. शाळा एका गावी तीनेक महिने राही, बहुतेक हिवाळ्यात, शेतीची कामे नसताना. तिथे लहानथोरांना फक्त वाचायला शिकवीत, तेही त्यांच्याच भाषेत, आणि मग मास्तर पुढच्या गावी जाई. १७६१ मध्ये तो वारला तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या. खेड्यातला शेतकरी वाचू लागला तो सरकारी शाळेमुळे नव्हे, या फिरत्या शाळांमुळे आणि पुढे त्यांच्या जागी आलेल्या रविवारच्या शाळांमुळे.

आईने सल्ला शब्दशः पाळला. पुण्याहून आजीने बालभारतीची पुस्तके पाठवली. आजूबाजूची मुले चॅपेलला जात त्या वेळी, रविवारी सकाळी, आमच्या स्वयंपाकघरात मराठी वाचन होई. मला ते मुळीच आवडत नसे. पण समोरच्या घरातली मुलेही रविवारी सकाळी कंटाळलेल्या चेहऱ्यानेच बाहेर पडताना खिडकीतून दिसत, त्यामुळे तक्रारीला जोर नव्हता.

आता दुसऱ्या बाई. ज्युनियर विभागात गेल्यावर मला ज्या बाई मिळाल्या त्या चाळिशीच्या, विवाहित, नीटनेटक्या आणि कडक होत्या. त्यांची पट्टी बोटांच्या पेरांवर बसे. हेडमास्तरांच्या कपाटात छडी होती आणि ती कधी कधी निघे. ब्रिटनच्या सरकारी शाळांतून शारीरिक शिक्षा कायद्याने जायला १९८६ साल उजाडावे लागले, तेव्हा यात त्या शाळेचे काही विशेष नव्हते. या बाईंनी पहिल्याच सत्रात आईबाबांना बोलावून सांगितले की मुलगी हुशार आहे, पण निबंधात तिची वाक्ये उलटी पडतात, क्रियापद शेवटी जाते, आणि पुढे तिला परीक्षा द्यायच्या आहेत. तेव्हा घरातली दुसरी भाषा काही वर्षे बाजूला ठेवा. बाबांनी नम्रपणे विचारले की तुमची स्वतःची भाषा वेल्श ना? त्यावर त्या म्हणाल्या, “हो, आणि माझ्या मुलांना मी ती दिलेली नाही.” घरी आल्यावर आई बराच वेळ संतापलेली होती. बाबा म्हणाले की ही बाई आपल्या भल्यासाठी बोलते आहे, आणि तेच जास्त अवघड आहे.

ही बाई दुष्ट होती असे समजणे सोपे आहे, आणि बरीच वर्षे मी तसेच समजत होते. पण त्या देशात हा विचार कसा रुजला ते पाहिले पाहिजे. १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला आलेल्या तीन इंग्रज आयुक्तांना वेल्श येत नव्हती, आणि त्यांनी लोकांच्या अज्ञानाचा व अनीतीचा बराचसा दोष त्यांच्या भाषेवर आणि चॅपेलवर ठेवला. निळ्या बांधणीतल्या त्या अहवालाला वेल्श लोक आजही ‘निळ्या पुस्तकांचा दगा’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक पाटी अडकवीत. त्याने दुसरा बोलणारा शोधून ती त्याच्या गळ्यात घालायची, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे पाटी त्याला मार. आमच्या ज्युनियरच्या बाईंनीच हे आम्हाला इतिहासाच्या तासाला सांगितले. त्यांच्या आजोबांच्या गळ्यात ती पाटी पडली होती असे घरात बोलले जाई. अशा गोष्टी ऐकून बालवर्गाच्या बाईंना चीड आली आणि ज्युनियरच्या बाईंनी धडा घेतला, एवढाच त्या दोघींमधला फरक. शिवाय त्यांच्या पिढीत हजारो घरांनी असाच निर्णय घेतला होता. वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण १९६१ च्या जनगणनेत २६ टक्के होते, ते १९७१ मध्ये २१ टक्क्यांच्या खाली आले. ही घसरण कोणाच्या हुकुमाने झाली नव्हती. मुलांचे भले व्हावे म्हणून झाली होती. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या रांगेत उभ्या असलेल्या आईबापांशी बोलताना मला त्या बाईंची आठवण येते, आणि मग मी त्यांच्यावर तोंडसुख घेऊ शकत नाही.

गंमत म्हणजे वेल्श पठण शिकवावे तर याच बाईंनी. दरवर्षी १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, मुली उंच काळी टोपी आणि चौकड्याचा झगा घालून येत, मुलगे छातीला लीक नावाचा कांद्याच्या जातीचा पाला टाचून येत आणि दुपारपर्यंत तो चावून संपवीत, त्यामुळे वर्गात बसवत नसे. माझा झगा आईने जुन्या इरकली लुगड्याच्या चौकड्यातून शिवला होता, आणि तो कुठल्या गिरणीचा म्हणून बायका विचारीत. त्या दिवशी शाळेचा आइस्टेदवॉद भरे, म्हणजे गायन, पठण आणि कविता यांच्या स्पर्धांचा मेळा. मोठ्या राष्ट्रीय आइस्टेदवॉदमध्ये विजेत्या कवीला खुर्चीवर बसवतात, तसा आमच्याकडेही सोहळा होई. कविता टोपणनावाने दिलेली असे. ते नाव पुकारले की कवी जागेवर उभा राही, त्याला मंचावर नेत, हेडमास्तर त्याच्या डोक्यावर लाकडी तलवार धरून म्यानातून अर्धी बाहेर काढीत आणि तीनदा विचारीत, शांतता आहे का? तीनही वेळा सगळी शाळा ‘शांतता’ असे वेल्शमध्ये इतक्या जोरात ओरडे की शांततेचा मागमूसही उरत नसे.

पठणाच्या स्पर्धेसाठी ज्युनियरच्या बाई मला जेवणाच्या सुट्टीत थांबवून घेत. त्यांना अर्थापेक्षा आधी श्वास हवा असे. कुठे थांबायचे, कुठला स्वर ओढायचा, कुठे मान वर करायची, आणि हातवारे मुळीच करायचे नाहीत. चूक झाली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. वेल्श ही ज्यांच्या घरची भाषा नाही अशा मुलांसाठी ‘इर्द’च्या स्पर्धांत वेगळा गट असे. ही तरुणांची संघटना इवान अब ओवेन एडवर्ड्‌स यांनी १९२२ मध्ये सुरू केली, आणि शाळाशाळांतून भाषा जगवण्याचे बरेचसे काम तिने केले आहे. बाईंनी मला त्या गटात घालायला नकार दिला. हिचे उच्चार घरच्या मुलांसारखे आहेत, हिने त्यांच्याबरोबर उभे राहावे, असे त्यांचे म्हणणे. परीक्षक मंचावरूनच, सर्वांसमोर, एकेका मुलाचे गुणदोष सांगतात, ही तिथली पद्धत मला आजही आवडते. माझा नंबर आला नाही. माझ्या एका स्वराविषयी परीक्षक काहीसे बोलले, आणि बाई गाडीत बसेपर्यंत त्या परीक्षकाच्या कानाविषयी बोलत राहिल्या. स्वतःच्या मुलांना जी भाषा त्यांनी दिली नाही ती त्या मला इतक्या निगुतीने का देत होत्या, हे मी त्यांना कधी विचारले नाही. त्या वयात ते सुचलेही नाही.

हेडमास्तरांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर चित्र अपुरे राहील. चॅपेलच्या गायकवृंदात ते खालच्या पट्टीत गात आणि शाळेतही प्रार्थना सुरू झाली की जमीन थोडी हलते असे वाटे. त्यांचा दुसरा धर्म रग्बी. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी लानेल्लीच्या संघाने स्ट्रेडी पार्कवर न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना ९-३ असे हरवले, तो दिवस गावाने सणासारखा केला. त्यानंतरच्या पहिल्या प्रार्थनासभेत ते बोलायला उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी नुसते गाणे सुरू केले. संघाचा प्रशिक्षक कार्विन जेम्स हा मुळात वेल्शचा शिक्षक, त्या वेळी कारमार्थनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवीत असे, आणि आमच्या शाळेतले एक तरुण सर त्याच्या वर्गात बसलेले होते. ते सर पुढे काही आठवडे जे काही शिकवीत त्याची सुरुवात ‘कार्विन म्हणायचा’ अशी होई, मग विषय अपूर्णांकांचा का असेना.

त्याच शरद ऋतूत युगांडातून हाकललेले आशियाई लोक ब्रिटनमध्ये आले, आणि त्यांतल्या हजाराहून अधिक जणांना वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टोनव्हानाय इथल्या जुन्या लष्करी छावणीत ठेवले. हेडमास्तरांनी उबदार कपडे गोळा करायला सांगितले. मुले मला विचारू लागली की तुझा काका आला आहे का, आणि एकदोघांनी घरी ऐकलेले वाईट शब्दही माझ्यावर वापरून पाहिले. हेडमास्तरांनी त्या मुलांना काय सांगितले ते मला कळले नाही. एवढे खरे की त्यांतला एक दुसऱ्या दिवशी स्वतःच्या वडिलांचा कोट घेऊन आला, आणि तो कोट वडिलांना न विचारता आणलेला होता हे संध्याकाळी सगळ्या गल्लीला समजले.

ऑक्टोबरमधली एक सकाळ मात्र शिक्षकांसाठी वेगळी असे. २१ ऑक्टोबर १९६६ ला अबरफान गावी कोळशाच्या खाणीचा कचऱ्याचा डोंगर घसरून प्राथमिक शाळेवर आला आणि ११६ मुले व २८ मोठी माणसे गेली. त्यांत शाळेतले पाच शिक्षक होते. आम्ही गेलो तेव्हा त्याला चारच वर्षे झाली होती. आमच्या शाळेत त्या दिवशी भाषण होत नसे. प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गाची हजेरी स्वतः, नेहमीपेक्षा सावकाश घेई. आमच्या वर्गात त्या दिवशी पट्टी निघत नसे हे मुलांना बरोबर माहीत होते, आणि मुले ती मुले, त्यांनी त्याचा फायदाही घेतला.

१९७५ साली इंग्लंडमधल्या एका सरकारी समितीने, जिला बुलक समिती म्हणतात, असे म्हटले की शाळेचा उंबरठा ओलांडताना कोणत्याही मुलाने घरची भाषा आणि संस्कृती उतरवून ठेवावी अशी अपेक्षा करू नये. बाबांनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून आईला वाचून दाखवली. आई म्हणाली की हे आम्हाला बालवर्गाच्या बाईंनी समिती न नेमता सांगितले होते.

आम्ही १९७६ च्या उन्हाळ्यात परतलो. त्या वर्षी वेल्समध्ये असा दुष्काळ पडला होता की नळाला पाणी नव्हते, आणि शेजारणी आईला सांगत होत्या की तुम्ही भारत इकडेच आणलात. पुण्यात मला मराठी माध्यमाच्या शाळेत घातले. वाचन जमले, कारण रविवारच्या सकाळी वाया गेल्या नव्हत्या. मोठ्याने धडा वाचायला सांगितला तेव्हा श्वास, थांबे, ओढलेले स्वर सगळे आपोआप लानेल्लीचे लागले, आणि वर्ग हसला, पण बाईंनी वाचन मात्र पुढे नेहमी माझ्याकडेच दिले.

अडले ते आकड्यांवर. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा वर्षभर घोटाळा होई. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आले आणि महाराष्ट्रात, अगदी विधानसभेतसुद्धा, गदारोळ झाला, तेव्हा माझ्या मैत्रिणींनी मला आपल्या, म्हणजे विरोध करणाऱ्यांच्या, बाजूने गृहीत धरले होते. मी त्यांच्या बाजूची नव्हते. वेल्शमध्ये जुनी मोजणी विसांची आणि पंधरांची आहे. अठराला ‘दोन नव’ म्हणतात, एकोणीसला ‘पंधरावर चार’. शाळेत गणितासाठी दहांची साधी मोजणी वापरतात, सदतीस म्हणजे ‘तीन दहा सात’. वय, तारीख आणि घड्याळ मात्र जुन्याच मोजणीने चालते. ज्युनियरच्या बाई फळ्यावरची बेरीज आमच्याकडून नव्या मोजणीने करून घेत आणि सुट्टीची घंटा जवळ आली की किती वाजले हे जुन्या मोजणीने विचारीत. दोन्ही आली तरच बाहेर सोडीत. आम्ही सगळे रोज वेळेवर बाहेर पडत असू.